वावळखारच्या माळावरचे बेचाळीस दगड

खाडीच्या तोंडाशी पाणी अजून मांडीइतकं होतं. ओहोटी पुरती लागायला अर्धा तास तरी हवा होता, पण केसरबाई थांबायला तयार नव्हत्या. त्यांनी लुगडं वर खोचलं, मेणकापडात गुंडाळलेला अर्ज डोक्यावर धरला आणि सरळ पाण्यात शिरल्या. मी माझं पाचवारी पातळ सावरत काठावरच उभी.

"मास्तरीणबाई, टाका पाय! साहेब काय आपल्यासाठी दिवा लावून बसनार हाय?"

"आणि वाहून गेले तर?"

"मी धरीन. दर्यानं माझ्याकडचं न्यायाचं ते नेलंय. आता तो मला हात लावीत न्हाय."

परत फिरून त्यांनी माझा दंड घट्ट धरला. मी मनात देवाचं नाव घेत पाय टाकत गेले. पलीकडे वाळूवर आल्यावर त्यांनी आधी अर्ज उलगडून पाहिला. कोरडा होता. मग माझ्याकडे बघितलं. मी कमरेपर्यंत भिजले होते.

वावळखार सोडून आम्हांला तास होऊन गेला होता. पुढे थळ, मग वरसोली, मग अलिबाग. सकाळची शाळा सुटेपर्यंत मला निघता आलं नाही, आणि तोवर रेवसकडून येणारी एस. टी. गेलेली. पाचला कचेरी बंद होणार. १९५७ सालच्या मार्गशीर्षातला तो शुक्रवार हरकतीचे अर्ज घेण्याचा शेवटचा दिवस होता. आमच्या अर्जात मागणं एकच होतं, की वावळखारच्या माळावरचे बेचाळीस दगड उपटू नयेत. खाली गावातल्या बायकांचे अंगठे होते. पहिला केसरबाईंचा.

आमच्या गावाच्या उत्तरेला दर्यात घुसलेला उंच सपाट माळ आहे. जुन्या आरमारांच्या दिवसांत तिथं झुंज झाली, असं गाव सांगतं. माळावर तोफा होत्या, खाली पाण्यात होड्या, आणि होड्या वल्हवणारे वावळखारचे कोळी. त्यांतले अकरा जण परत आले नाहीत, त्यांची प्रेतंही मिळाली नाहीत. त्यांच्या बायकांनी ओहोटीला दर्यातून एकेक दगड उचलून आणला आणि माळावर ओळीनं रोवला. तेव्हापासून गावातला जो कुणी दर्यात गेला आणि मिळाला नाही, त्याचा दगड त्याच्या बायकोनं नाहीतर आईनं त्या अकरांच्या मागे रोवायचा, असा रिवाज पडला. प्रेत मिळालं तर अग्नी देतात, त्याला दगड नाही.

दगड रोवेपर्यंत बाई सवाष्ण. कोळणीच्या उजव्या हातात बांगड्या नसतात, त्या लग्नातच दर्याला दिलेल्या असतात. डाव्या हातातल्या बांगड्या ती नवऱ्याच्या दगडावर फोडते, आणि तिथून पुढे ती विधवा. दगडानं मात्र आपला खड्डा सोडायचा नाही. कुणी उपटला, लाटेनं नेला, तर तो दगड धरायचा नाही. मग त्या बाईनं डावा हात पुन्हा भरायचा आणि नवऱ्याची वाट बघायला लागायचं, दुसरा दगड उचलायचं मन होईपर्यंत.

हे सगळं मला गावात कुणी आपणहून सांगितलं नसतं. पण ते लिहून घेण्याचं काम माझ्याकडे आलं. सरकारनं झुंजीचा माळ राखायचा ठरवला होता. भोवती कुंपण, आत बाग, बसायला बाकं, झुंजीची हकीकत सांगणारी पाटी. त्यासाठी एक साहेब आले. पन्नाशीचे, हळू बोलणारे, उन्हात टोपी काढून घाम पुसणारे. या माळाशी कुठल्या जातीजमातीचं काय नातं आहे, कोण कधी येतं, काय वाहतं, ते त्यांना टिपून हवं होतं. बायका परक्या पुरुषासमोर तोंड उघडेनात, म्हणून त्यांनी शाळेतून मला बोलावलं.

महिनाभर मी घरोघर फिरले. आगऱ्यांच्या मिठागरात पहिलं मीठ धरलं की मूठभर आणून पहिल्या दगडावर ठेवतात. माळाच्या कोपऱ्यात पलीकडच्या बाजूनं लढलेल्या कुणाची कबर आहे. तिथं गावातलं एक मुसलमान घर दर गुरुवारी ऊद लावतं, आणि नारळी पुनवेला आमचे कोळी आपला नारळ आधी त्या कबरीला दाखवून मग दर्यात सोडतात. का, ते कुणालाच सांगता आलं नाही. साठ पानं भरली. साहेब म्हणाले, "बाई, अक्षर छान आहे तुमचं."

केसरबाईंनी माझ्या वहीची चार पानं एकट्यानं भरली. बेचाळीस दगडांतला कुठला कुणाचा, कुठल्या वादळातला, मागे कोण राहिलं, हे त्यांना क्रमानं पाठ होतं. नारळी पुनवेच्या आधी सगळे दगड घासून धुवायचं काम त्यांनी आपणच अंगावर घेतलेलं होतं. स्वतःच्या दगडापाशी आल्या तेव्हा म्हणाल्या, "शेवटून तिसरा. तो आमचा. पुढं लिवा." नवऱ्याचं नाव बुधाजी, हे मला दुसऱ्या बाईनं सांगितलं.

थळच्या किनाऱ्यावर बांबूंच्या वलांड्यांवर बोंबील वाळत घातले होते आणि खाली सावलीला बायका मासळी निवडत बसल्या होत्या. त्यांत केसरबाईंची मामेबहीण आवडाबाई होती. तिनं लांबूनच हाक दिली.

"केसर गो! आता कचेरीची भिंत पांढरी करायला चाललीस काय?"

सगळ्या खदखदून हसल्या.

"ये हिकडं, तुझंच तोंड पांढरं करते!" केसरबाई चालता चालताच म्हणाल्या.

"अगो पानी तरी पी. मास्तरणीला पन पाज. बघ कशी भिजलीय, कोंबडीवानी."

"येताना पिते."

"येताना कुठल्या तोंडानं येशील?"

पुन्हा हसू. आवडाबाई सख्ख्या नात्यातली, तिला चेष्टेचा हक्क होता. पण केसरबाईंनी मान खाली घातली ती थळ मागे पडेपर्यंत वर केली नाही. चुन्याची गोष्ट खरी होती.

साहेब दगड मोजायला येणार असं कळलं तेव्हा केसरबाईंनीच बायका जमवल्या. "सरकार दारात येनार, आन आपली मानसं शेवाळ लावून वाकडी बसनार?" असं त्या म्हणाल्या होत्या. शिंपले भाजून चुना केला. सोळा बायका तीन दिवस माळावर. दगड खरवडून काढले आणि चुन्याचे दोन दोन हात दिले. शिवाय शेदीडशे वर्षांत कुठला दगड कलला होता, कुठला अर्धा मातीत गेला होता. त्यांच्या बुडाची माती उकरून, खड्ड्यातून बाहेर न काढता, जाळ्याची दोरी लावून त्यांनी सगळे एका ओळीत ताठ उभे केले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी बघायला गेले. दर्याकडे तोंड करून पांढरेशुभ्र बेचाळीस जण उभे होते. मी म्हणाले, "किती सुंदर दिसतंय हो." केसरबाईंच्या केसांतसुद्धा चुना होता. त्या लहान मुलीसारख्या हसल्या.

दुसऱ्या दिवशी साहेब आले आणि ओळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले. मग खिशातल्या चाकूनं एका दगडाचा चुना खरवडला. छत्रीचं टोक बुडाशी दाबलं. ते वीतभर आत गेलं.

"ही माती कुणी काढली?"

"आम्हीच, साहेब!" केसरबाई पुढे झाल्या. "वाकडे झालेले सगळे सरळ केले. दोरी लावून!"

"सगळे?"

"एकून एक."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, जुनी माती, जुना थर, दगडावरचं शेवाळ, यांवरून मी ठरवणार होतो की लढाईचे कुठले आणि मागाहूनचे कुठले. आता माझ्या हातात काहीच राहिलं नाही. सगळेच कालचे दिसताहेत. मी खोटं कसं लिहू?" आणि त्यांनी लिहिलं, दगड अलीकडे रोवलेले, काढून जागा सपाट करावी. तोफेचा चौथरा आणि तटाचा तुकडा राखावा.

मी माझी साठ पानं त्यांच्यापुढे केली. ते म्हणाले, ती पानं दप्तरात राहतील, ती मोलाची आहेत.

गावानं दोष कुणाला द्यायचा ते दुसऱ्याच दिवशी ठरलं. रंगूबाईचे दोन मुलगे एकाच होडीतून गेलेले, दोघांचे दगड शेजारी शेजारी. ती हिरव्या बांगड्यांची परडी घेऊन केसरबाईंच्या दारात आली. "घे, भर माझ्या सुनांचे हात," म्हणाली आणि परडी उंबऱ्यावर ठेवून गेली. ती परडी आठ दिवस तिथंच होती. केसरबाई ती ओलांडून आत-बाहेर करायच्या. हात लावायची त्यांची हिंमत होईना.

वरसोलीच्या अलीकडे खडकातून जाताना त्यांच्या पायाला कालवाच्या शिंपल्याची धार लागली. टाच चांगलीच चिरली. मी रुमाल बांधायला बसले.

"ऱ्हाऊ दे. उठा. ऊन बघा कुठं गेलंय."

"रक्त थांबू तर द्या."

"खारं पानी थांबवील."

मी घाईनं रुमालाची गाठ मारली तशा त्या लंगडत पुढे निघाल्या. काही पावलं गेल्यावर आपणच बोलायला लागल्या. माझ्याकडे न बघता, वाळूकडे बघत.

"सत्तेचाळीस साली ही सगळी वाळू मी अशीच चालले. आषाढी अवस झाली, आन रामदास बोट बुडाली असं कळलं. ते मुंबयला गेलेले, जाळ्याचं सूत आनायला. त्या बोटीवर चढले का न्हाय तेबी कोनाला ठावं न्हवतं. मग मानसं लागायला लागली काठाला. मांडव्यापासनं हितपर्यंत मी एकेकाच्या तोंडावरची वाळू काढून बघत आले. हितं एक बाई होती. तिच्या अंगावर काय ऱ्हायलं न्हवतं. मी माझं फडकं टाकलं तिच्यावर आन पुढं गेले. तिला कोन न्यायला आलं का, काय म्हाईत."

"मग?"

"मग काय. ते मिळाले न्हाय. मिळाले न्हाय म्हंजे येतील कधी तरी, न्हवं? कुठल्या तरी गलबतानं उचलले असतील, गुजरातेकडं नेले असतील. असं होतं कधी कधी. दर ओहोटीला मी काठाला. ताट वाढून ठेवायचं. पोरगी विचारायची, आये, हे ताट कोनाचं? चार वर्सं, बाई. सासू पाया पडली माझ्या. म्हनाली, केसर, माझ्या पोराचा दगड रोव, मला रडू दे गो. मी तिला बी रडू दिलं न्हाय."

वारा खांदेरीच्या अंगानं येत होता, त्यांचे शब्द मागे माझ्यापर्यंत तुटत तुटत पोचत होते.

"सासू आजारी पडली तेव्हा गेले ओहोटीला. दगड उचलला. आठ शेराचा पन न्हाय. तेवढा उचलायला मला चार वर्सं लागली. रोवला, बांगड्या फोडल्या, घरी आले आन जेवले. पोटभर जेवले. किती दिसांनी." लंगडतच त्या पुढे म्हणाल्या, "त्याच्यानंतर मी टोपली उचलली. सुकी मासळी घेऊन अलिबागच्या बाजारात बसायला लागले. पोरीचं, ठमीचं, लगीन करून तिला उरणला दिली. नातू बघितला. ह्ये सगळं त्या दगडामागं झालं. त्याच्या आधी मी कोन होते ते मला आठवत बी न्हाय."

त्या थांबल्या आणि पहिल्यांदा माझ्याकडे वळल्या.

"आन आता तो उपटनार. उपटला म्हंजे ते गेले न्हाय. कुठं तरी हायत. मी पंचेचाळीसची. परत हात भरायचा, परत दर ओहोटीला काठाला, परत ताट? माझ्यानं हुनार न्हाय बाई. मी येडी व्हईन."

"केसरबाई, रिवाज माणसांनीच घातला. तुम्ही मनानं त्यांना निरोप दिला आहे. देवाला तेवढं कळतं."

"देवाला कळंल. मला कळायला नको? दार वाजलं की उठनार कोन, देव का मी?"

आम्ही जवळजवळ धावत अलिबागेत शिरलो.

साहेबांच्या खात्याची कचेरी म्हणजे भाड्यानं घेतलेल्या घराच्या पुढच्या दोन खोल्या. साडेचार झाले होते. एक उतारवयाचे कारकून कागदांचे गठ्ठे बांधत होते. साहेब दुपारीच मुंबईला गेल्याचं त्यांनी सांगितलं. केसरबाईंच्या पायाकडे बघून त्यांनी आधी बाक पुढे ओढलं, पाण्याचा तांब्या दिला. मग अर्ज पहिल्या ओळीपासून शेवटच्या अंगठ्यापर्यंत वाचला.

"वेळेत आणलात," ते म्हणाले. शिक्का मारला, नंबर घातला. केसरबाईंनी दोन्ही हात जोडले.

"म्हंजे ऱ्हानार दगड?"

कारकुनांनी शिक्का डबीत ठेवला. "बाई, तुम्हांला अंधारात ठेवत नाही. काम ठेकेदाराकडं परवाच गेलंय. सोमवारी माणसं माळावर येणार. हा अर्ज मुंबईला जायचा, साहेबांपुढं यायचा, उत्तर यायचं. महिना तरी."

"मग आजचा शेवटचा दिवस कशाला ठेवलात?" मी विचारलं. माझा आवाज चढला असावा.

"ठेवावा लागतो," ते म्हणाले. त्यांनाही ते बोलायला बरं वाटलं नाही, हे दिसत होतं.

"पुढच्या आठवड्यात साहेब येतील तेव्हा मी स्वतः सांगेन त्यांना," ते पुढे म्हणाले, "पण तोवर जागा मोकळी झालेली असेल."

केसरबाईंनी विचारलं, "काढलेल्या दगडांचं काय करनार?"

"कुंपणाच्या खांबांना पाया लागतो. तिथंच घालतील बहुधा."

"मातीत?"

"मातीत."

कारकून घुटमळले. मग हळूच म्हणाले, "अजून दोन दिवस आहेत. तुमचा तेवढा आधीच काढून घरी न्या. मी काही ऐकलं नाही असं समजतो."

"न्हाय दादा," केसरबाई म्हणाल्या. "माझ्या हातानं उपटला काय, आन त्यांच्या हातानं उपटला काय. त्यानं खड्डा सोडला की सोडला." त्या उठल्या. रुमालाची गाठ सुटली होती आणि फरशीवर रक्ताचा डाग पडला होता. पदरानं तो पुसूनच त्या बाहेर पडल्या.

रस्त्यानं परत निघायचं ठरलं होतं, पण केसरबाई आपोआप दर्याकडे वळल्या. भरती येत होती. कुलाब्याच्या किल्ल्याकडे जाणारी वाट पाण्याखाली गेली होती आणि दोन बैलगाड्या अलीकडेच अडकून उभ्या होत्या. गाडीवान एकमेकांना शिव्या देत होते. आम्ही वाळूवर बसलो. मी कुणाकुणाला पत्र लिहिता येईल ते सांगत होते. अलिबागेत एक वकील आहेत, माझ्या वडिलांच्या ओळखीचे एक गृहस्थ मुंबईत सरकारी नोकरीत आहेत, वर्तमानपत्रात लिहिता येईल. केसरबाई त्या सगळ्याला हो हो म्हणत होत्या. त्यांचं लक्ष डाव्या मनगटाकडे होतं. उजव्या हातानं ते धरून त्या दाबत होत्या, दुखऱ्या जागेसारखं.

"रंगूबाईला काय सांगू?" मध्येच त्या म्हणाल्या. मग, "तिला मी सांगीन. ते माझं काम."

गाडीवानांचं भांडण मिटलं. ऊन उतरलं.

"बाई, सोमवारी तुम्ही माळावर याल?"

"शाळा आहे. पण येईन. मोठ्या गुरुजींना सांगून येईन."

"या. मी येनार न्हाय. सोमवारी न्हाय, आन त्याच्यापुढंबी कधी न्हाय. नारळी पुनवेला बी माळ चढनार न्हाय. धुवायचं काम दुसरी कोन करील, काय ऱ्हायलं असंल तर." त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. तो गार होता. "सगळे उपटून झाले की तुम्ही माझ्या घरी या. उंबऱ्यात उभ्या ऱ्हा आन मला सांगा, केसरबाई, शेवटून तिसरा तेवढा ऱ्हायला. सरकारनं तेवढा ठेवला."

"आणि नाही ठेवला तर?"

"म्हनून तर तुम्हांला सांगते. आवडानं सांगितलं तर मी मानीन? रंगू तर सांगनारच न्हाय. तुम्ही खोटं बोलत न्हाय, ह्ये पोराटोरांना बी ठावं हाय. तुम्ही सांगा. एकदाच सांगा, बाई, माझ्या डोळ्यांत बघून सांगा."